इंग्लंडच्या द्राक्षमळ्यात दिसलेले साखरेचे पोते



लेखाचे नाव वाचून काही जण म्हणतील, आपल्या पत्रिकेत लागण, खोडवा, हुमणी, पाणीपट्टी असले विषय असायचे, इथे विलायतेचा द्राक्षमळा कुठून आला? त्यातून माझ्या गळ्यात माळ. गावात आधीच बोलणे झाले आहे की म्हातारा लेकीकडे गेला आणि दारूच्या बाटल्या मोजून आला. मोजल्या, हे खरे आहे. चाखली मात्र नाही. परंतु तिथे जे पाहिले ते आपल्या कारखान्याच्या कामाचे आहे असे माझे स्पष्ट मत झाले, म्हणून संपादक मंडळाकडून ही जागा मागून घेतली.

२०२४ सालचा दसरा १२ ऑक्टोबरला, शनिवारी आला होता. इकडे त्या सुमारास बॉयलर पेटवायची गडबड, मी मात्र क्रॉलीला लेकीच्या घरात काचेतून पाऊस बघत बसलेलो. जावईबापू म्हणाले, "मामा, तुम्हाला शेती दाखवतो." गाडीने तासाभरात साउथ डाउन्स नावाच्या टेकड्यांच्या कुशीत आलो. रस्ता इतका अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर एकाने मागे जायचे. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणाची झाडी. एका फाटकावर लहानशी पाटी, आत पत्र्याची दोन शेडे, चिखलाचे गमबूट ओळीने ठेवलेले, आणि एक म्हातारा कुत्रा. एवढाच तो मळा. सहा एकर. आपल्याकडे सहा एकरवाल्याला कोणी बागायतदारही म्हणणार नाही.

मळा नवराबायकोचा आहे. नवरा वेलींचे बघतो, वाइन करायचे काम बाईंकडे. नावे इथे देत नाही, त्यांना विचारायचे राहून गेले. आमच्यासारखे पाहायला आलेले दहा-अकरा जण होते. माणशी वीस पौंड घेतले. शेत बघायला पैसे, हे ऐकून मी मनात म्हटले, ही तर लूट आहे. दोन तासांनी बाहेर पडताना मत बदलले होते.

आधी जमिनीविषयी सांगतो. पांढरी फटक चुनखडी, वर वीतभर माती, मधून गारगोट्या. आपला माणूस असली जमीन फुकट घेणार नाही. परंतु समुद्राच्या पलीकडे फ्रान्समध्ये शॅम्पेन भागात जी चुनखडी आहे तिचाच हा पट्टा आहे, मध्ये फक्त खाडी. उतार दक्षिणेकडे तोंड करून, म्हणजे जेवढे ऊन मिळेल तेवढे पदरात पाडायचे. नाशिक विषुववृत्तापासून वीस अंशांवर, हा मळा एक्कावन्न अंशांवर. आपल्याकडे द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी, खरड छाटणी आणि ऑक्टोबर छाटणी. तिथे हिवाळ्यात वेल मेल्यासारखी झोपते, तेव्हा एकदाच. एप्रिलच्या शेवटी डोळे फुटतात आणि त्याच वेळी कडाका पडतो. मग रात्री दोन वाजता उठून ओळीओळीत मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवायच्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये अशा एका थंडीने त्या देशातल्या कितीतरी मळ्यांचे फुटवे जाळून टाकले. गारपिटीनंतर आपला द्राक्षवाला जसा गप्प होतो, तसा तो मालक हे सांगताना गप्प झाला. रोगही ओळखीचेच निघाले. पान उलटून त्याने दाखवले, तर केवडा! भुरीही तिथे आहेच. भाषा येत नसली तरी रोगावर आमचे दोघांचे चांगले जमले.

इंग्लंडात वाइन होते हे तिथल्याच लोकांना फार काळ खरे वाटत नसे. हँपशायरमध्ये हॅम्बल्डन येथे सर गाय सॅलिसबरी-जोन्स नावाच्या निवृत्त मेजर-जनरलने १९५२ च्या सुमारास वेली लावल्या, तिथून हा नवा धंदा सुरू झाला असे धरतात. पुढे बरीच वर्षे जर्मन वळणाच्या, लवकर पिकणाऱ्या जाती लावून लोकांनी कसेबसे निभावले. १९८८ साली शिकागोच्या एका दांपत्याने ससेक्समध्ये नायटिंबर येथे शॅम्पेनच्याच जाती लावल्या, तेव्हा शेजारी हसले असणार. आता हवा गरम होत चालली आहे आणि २०१५ साली फ्रान्सच्या तेतँजे या शॅम्पेनवाल्या घराण्याने केंट परगण्यात जमीन घेतली. ज्या देशाला फ्रेंच माणूस स्वयंपाकावरून नावे ठेवतो, त्या देशात तो द्राक्ष लावायला आला! (आपल्या नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञ आणून १९८० च्या दशकातच फेसाळती वाइन केली आणि ती लंडनला विकली, हे मी तिथे मुद्दाम सांगितले. कोणाला ठाऊक नव्हते.)

आता मुद्द्यावर येतो. त्या दिवशी तोडणी व्हायची की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. वर्ष ओले गेलेले, मणी पिकायला मागत नव्हते. बाईंनी खिशातून एक नळी काढली. चार ओळींतून, वरचा-खालचा, उन्हाकडचा-सावलीकडचा असे मणी तोडून पिशवीत चुरडले, दोन थेंब काचेवर टाकले आणि नळी डोळ्याला लावली. मी ओळखली. आपल्या शेतकी खात्याच्या माणसाकडे असतो तोच हँड रिफ्रॅक्टोमीटर! मी "ब्रिक्स, ब्रिक्स" असे म्हटल्याबरोबर बाईंनी नळी माझ्या हातात दिली. सोळाच्या किंचित वर रेघ होती. त्यांना सतरा-अठरा हवा होता. पण मंगळवारपासून पाऊस सांगितलेला, आणि घडात करडी बुरशी शिरायला लागली होती. थांबले तर साखर वाढेल, पण घड सडतील. तोडले तर आंबट. दोघे ओळीतच उभे राहून पाच मिनिटे आपसात बोलले आणि सोमवारी तोडायचे ठरले. तोडायला शेजारपाजारची, बरीचशी निवृत्त झालेली मंडळी येतात, दुपारचे जेवण आणि वर्षाअखेर दोन बाटल्या घेतात. मोठ्या मळ्यांवर मात्र परदेशातून हंगामी मजूर आणतात. ते ऐकून मला आपल्या फडातली कोपी आठवली. त्याविषयी इथे जास्त लिहीत नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

बाईंनी मला विचारले, "तुमचा ऊस किती ब्रिक्सचा असतो?" जावईबापूंनी दुभाष्याचे काम केले. मी ऐटीत सांगितले, आमच्या कारखान्याचा उतारा साडेअकराच्या आसपास. त्या म्हणाल्या, "तो कारखान्याचा झाला. तुमच्या शेताचा?"

मला सांगता आला नाही. तीस-पस्तीस वर्षे ऊस घालतो आहे. एकरी टन किती पडला ते प्रत्येक वर्षाचे तोंडपाठ आहे. साखर किती होती ते एकाही वर्षाचे ठाऊक नाही. त्या दिवशी लाज वाटली, खोटे कशाला बोलू.

मग शेडात गेलो. एका बाजूला आडवे पिंपासारखे यंत्र, आत रबरी पिशवी हवेने फुगते आणि घड अलगद दाबले जातात. आपल्या मिलच्या रोलरसारखा दणका नाही. सबंध घड टाकतात आणि त्याच दिवशी दाबतात, कारण तोडलेला माल पडून राहिला की बिघडतो. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात. पुढे स्टीलच्या टाक्या, पाइप, धुऊन स्वच्छ केलेली फरशी, आणि कोपऱ्यात साखरेची पोती.

ते पोते पाहून मला काय वाटले ते साखर कारखान्याच्या सभासदालाच कळेल. परक्या मुलखात गाववाला भेटावा तसे झाले. मी विचारले, हे कशाला? बाईंनी सगळ्यांसमोर सरळ सांगितले. थंड देशात द्राक्षात साखर पुरेशी भरत नाही, मग आंबवताना वरून घालावी लागते. लिटरला सतरा ग्रॅम घातली की मद्यार्क एक टक्का चढतो. म्हणजे हजार लिटरच्या टाकीला सतरा किलो. कायद्याने याला परवानगी आहे आणि किती टक्के चढवायचे यालाही मर्यादा आहे. शिवाय फेसाळत्या वाइनला पुन्हा एकदा साखर लागते. तयार वाइन बाटलीत भरताना लिटरला चोवीस ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून झाकण ठोकतात. बाटलीत दुसऱ्यांदा आंबते, वायू बाहेर पडू शकत नाही, आणि आत सहा वातावरणांचा दाब तयार होतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोनच असतो! बाटलीमागे हिशेब केला तर अठरा ग्रॅम, म्हणजे आपल्या दोन कप चहाची साखर. त्यावर तो सगळा फुसफुसाट चालतो. मग वर्षदोन वर्षे, कधी त्याहून जास्त, बाटल्या आडव्या ठेवायच्या, शेवटी उलट्या करून गाळ मानेत आणायचा, मान गोठवायची, झाकण काढले की गाळाचा गोळा उडतो, आणि पुन्हा थोडी साखर घालून बूच.

हा प्रकार फ्रान्सच्या डॉम पेरिन्यों नावाच्या साधूने शोधला अशी आख्यायिका आहे. बाईंना ती मान्य नाही, आणि पुरावा त्यांच्या बाजूने आहे. डिसेंबर १६६२ मध्ये ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या इंग्रज वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. त्यात त्याने लिहिले आहे की आमचे वाइनवाले सर्व तऱ्हेच्या वाइनमध्ये भरपूर साखर आणि मळी घालतात, त्यामुळे ती तरतरीत आणि फेसाळती होते. पेरिन्यों त्या मठात आला तोच मुळी १६६८ साली. दाबाला टिकणारी बाटलीही इंग्रजांचीच. राजा पहिला जेम्स याने १६१५ साली काचेच्या भट्ट्यांना लाकूड जाळायची बंदी केली, कारण लाकूड आरमाराला हवे होते. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, आच वाढली, काच बळकट झाली. मेरेटच्या काळातली लंडनची साखर आणि मळी कॅरिबियन बेटांवरच्या उसाची, गुलामांच्या घामाची, ते मात्र त्याच्या निबंधात नाही. आपण मळीची किंमत डिस्टिलरीच्या हिशेबात शोधतो. शॅम्पेनच्या जन्माला ती हजर होती हे आमच्या चीफ केमिस्ट साहेबांनाही ठाऊक नसेल, असा माझा अंदाज.

शेडाच्या भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर सालवार किती टन द्राक्षे आली, ब्रिक्स किती लागला, आम्लता किती, साखर वरून किती घातली, बाटल्या किती भरल्या, फुटल्या किती, असे सगळे खडूने लिहिलेले. २०१२ समोर फक्त एक आडवी रेघ. त्या वर्षी उन्हाळाभर पाऊस पडला आणि काही हाती लागले नाही. त्याच वर्षी नायटिंबरसारख्या मोठ्या मळ्यानेसुद्धा माल आपल्या प्रतीचा नाही असे जाहीर करून एकही बाटली केली नव्हती. २०२३ समोर मोठा आकडा. त्या साली देशभरात दोन कोटींच्या वर बाटल्या झाल्या, पुढच्या वर्षी जवळपास निम्म्यावर आल्या. त्या २०२४ ची रांग अर्धी भरलेली होती आणि बाई म्हणाल्या, यंदा वाईट आहे, आताच सांगून ठेवते. पैसे देऊन आलेल्या गिऱ्हाइकाला, माल विकायच्या आधी! मी विचारले, साखर घालता, बाटल्या फुटतात, वर्ष वाया जाते, हे सगळे लोकांना दाखवल्याने विक्री कमी होत नाही? त्या म्हणाल्या, उलट जे पाहून जातात तेच दरवर्षी बाटली मागतात. फाटकावर विकली तर सगळे पैसे घरात राहतात, दुकानात दिली तर वाटेकरी होतात. हे तर आपल्या भाजीवाल्यालाही पटेल.

शेवटी चाखायला बसवले. मी माळेला हात लावून नको म्हटले, तर बाईंनी न बोलता पेल्यात यंत्रातून निघालेला ताजा रस आणून दिला. आंबट-गोड, दातांना झोंबणारा. आदल्या दिवशीच्या गाळपाचा होता. जावईबापूंनी माझ्या वाटणीचीही चाखली, आणि परत येताना गाडी लेकीने चालवली.

आता आपल्याकडे या. मी या कारखान्याचा सभासद, म्हणजे कायद्याने मालक. परंतु माझा कारखान्याशी संबंध कुठपर्यंत, याचा मी प्रामाणिकपणे हिशेब केला. सभासदाची दिवाळीची साखर न्यायला गोडाऊनपर्यंत. वार्षिक सर्वसाधारण सभेला मांडवापर्यंत. ऊस घालायला काट्यापर्यंत. काट्याच्या पुढे माझा ऊस गव्हाणीत पडतो आणि मग मला पंधरवड्याचे बिलच दिसते. मिल हाउसमध्ये, पॅनवर, विशेषतः प्रयोगशाळेत मी कधी गेलेलो नाही. माझ्या ओळखीतल्या वीस सभासदांना विचारले, दोघे गेले होते, एक मुलाच्या नोकरीसाठी आणि दुसरा मंत्र्यांबरोबर.

आणि दर तर सगळा तिथेच ठरतो. एफआरपी उताऱ्यावर आहे, १०.२५ टक्के पाया, त्यावर जसा उतारा तसा दर. परंतु हा उतारा अख्ख्या कारखान्याचा. ज्याने ८६०३२ लावून, नत्र हात राखून टाकून, वेळेवर पाणी तोडून साखरेचा ऊस पिकवला, आणि ज्याने २६५ लावून, शेवटपर्यंत पाणी देऊन वजन वाढवले, दोघांना टनाला एकच भाव. उलट दुसऱ्याचे वजन जास्त, म्हणून पैसे जास्त. मग चांगला ऊस पिकवायचा कशासाठी? कारखाना म्हणतो उतारा घसरला, सभासद म्हणतो उतारा चोरला, आणि दोघांपैकी कोणाच्याही हातात त्या शेताचा आकडा नसतो.

मी लेकीच्या घरी परत आल्यावर त्या पोत्याचाही माग काढला. ती साखर बीटाची. इंग्लंडच्या पूर्वेकडे विसिंग्टन, बरी सेंट एडमंड्स, कँटली आणि नेवार्क असे चार बीट कारखाने आहेत. तिथे शेतकऱ्याच्या प्रत्येक खेपेतून नमुना घेऊन माती किती आणि साखर किती हे तपासतात, आणि सोळा टक्के साखर हे प्रमाण धरून त्या खेपेचा भाव वर-खाली करतात. ऑस्ट्रेलियात, ब्राझीलमध्ये उसालाही शेतकऱ्याच्या साखरेप्रमाणे पैसे देतात. तेव्हा हे होतच नाही असे कोणी सांगू नये.

तरीसुद्धा भाव लगेच ब्रिक्सवर ठरवा असे मी म्हणणार नाही. तोडणीची तारीख आपल्या हातात नाही. टोळी दोन महिने उशिरा आली, उसाला तुरे आले, तर त्याचा दंड लहान शेतकऱ्याने का सोसावा? वशिल्याने ज्याचा ऊस ऐन जानेवारीत जातो त्याला वर पुन्हा बक्षीस, असे व्हायचे. आधी प्रोग्राम सरळ झाला पाहिजे. पण आकडा सांगायला कोणाची हरकत आहे? शेतकी खात्याची माणसे हंगामापूर्वी फडात येऊन ब्रिक्स पाहतात, वहीत लिहितात आणि वही घेऊन जातात. तोच आकडा एका चिठ्ठीवर लिहून सभासदाच्या हातात द्यावा, एवढेच म्हणणे आहे. शेंड्याचा किती, बुडख्याचा किती. आणि गळीत चालू असताना गटवार पंचवीस-पंचवीस सभासदांना, बायामाणसांसह, गव्हाणीपासून प्रयोगशाळेपर्यंत आत न्यावे आणि उतारा कसा काढतात ते त्यांच्यासमोर करून दाखवावे. "गर्दीने अपघात होतील" असे उत्तर मला तोंडी मिळाले आहे. मिलमध्ये जोखीम आहे हे मान्य. मंत्री येतात तेव्हा मात्र शंभर माणसे मागे असतात. येत्या वार्षिक सभेसाठी हा प्रश्न मी लेखी दिला असून त्याची पोच माझ्याजवळ आहे.

परत आल्यावर मी एक रिफ्रॅक्टोमीटर विकत घेतला. खताच्या दोन पोत्यांच्या पैशात आला. डिसेंबरात खोडव्याला लावून पाहिला, बुडख्याला एकोणीस आणि शेंड्याला चौदा. म्हणजे ऊस अजून कच्चा, आणखी पंधरा-वीस दिवस हवे होते. तिसऱ्या दिवशी तोडणीची चिठ्ठी आली. मी चिटबॉयला आकडे दाखवून म्हटले, पुढची पाळी दे. तो पोरगा भला आहे, म्हणाला, "दादा, टोळी गेली तर परत कधी येईल मी सांगू शकत नाही." घातला ऊस. काय करणार?

नळी घरीच आहे. ज्या सभासदाला आपला फड पाहायचा असेल त्याने येऊन घेऊन जावी. वापरून झाल्यावर काच ओल्या मऊ फडक्याने पुसावी, नाहीतर रस वाळून रेघ चुकीची दिसते, आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यावी.

— एक ऊस उत्पादक सभासद